ढिगावरची खूण

मार्च महिना आला की माझ्या पायाला भिंगरी लागते. खुर्चीत बसवत नाही. कपाट उघडते, बंद करते, मोबाईलवर ईमेल बघते, पुन्हा तेच कपाट उघडते. माझ्यासोबत काम करणारी ताई शेवटी वैतागते. "अगं, बस ना एका जागी. पत्र काय कपाटातून निघून राहिलं?" मी बसते. पाच मिनिटांनी उठून खिडकीशी जाते.

पत्र म्हणजे मुदतवाढीचं पत्र. पोलीस ठाण्याच्या मागे, जप्तीच्या मोटारसायकली गंजत पडल्या आहेत त्यांच्या पलीकडे आमची एक खोली आहे. तिच्यावर महिला मदत कक्षाची पाटी आहे. नवऱ्यानं मारलेल्या, सासरच्यांनी बाहेर काढलेल्या बायका इथे येतात. आम्ही दोघी समुपदेशक त्यांचं ऐकून घेतो, नवऱ्याला बोलावतो, जमलं तर समझोता करतो, नाहीतर कोर्टाचा रस्ता दाखवतो. ठाण्याच्या अंगणात बसतो, पण पोलीस नाही. सरकारी शिक्का वापरतो, पण सरकारी नोकर नाही. हा सगळा संसार अनुदानावर चालतो आणि अनुदान एका वर्षाचं असतं. वर्ष संपलं की वरून पत्र यावं लागतं. सरकारी काम आणि सहा महिने थांब हे लोक हसत म्हणतात. मला त्यावर हसू येत नाही.

कारण एका वर्षी पत्र उशिरा आलं आणि आमच्या खोलीला दोन महिने कुलूप होतं. कुलूप निघालं त्या दिवशी ठाण्यातले हवालदारभाऊ सहज म्हणाले, "एक बाई दोनदा येऊन गेली. लिंबाखाली बसून राहिली, मंग गेली निघून." कुठली होती, नाव काय, त्यांनी विचारलं नव्हतं. मी ते लिंबाचं झाड रोज बघते. ती बाई परत आली नाही, आणि आली असेल तर मला कळलं नाही. पुन्हा कुलूप लागू द्यायचं नाही असं मी तेव्हा ठरवलं. पुढे जे केलं त्याला हेच कारण मी स्वतःला देत आले. ते खरं आहे, पण पुरतं खरं नाही.

पुरतं खरं असं की माझे वडील दिघोरीला धानाची शेती करतात, आणि मी इथे लागले तेव्हा त्यांनी गावभर सांगितलं, पोरीला सरकारी नोकरी लागली. मी कधी दुरुस्त केलं नाही. कुलूप लागलं त्या दोन महिन्यांत मी गावाला गेलेच नाही, कोणी विचारलं तर काय सांगू म्हणून. ताईचं तसं नाही. ती जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये राहते, तिच्या नवऱ्याला दारूगोळ्याच्या फॅक्टरीचा, म्हणजे केंद्र सरकारचा पगार. "म्हणून तुला झोप लागते," असं मी चिडवते. ती रागावत नाही, डब्यातली भाजी माझ्या ताटात वाढते. तिचा हा शांतपणा कधीकधी मला सहन होत नाही.

अनुदान पुढे चालू ठेवायचं तर अहवाल चांगला लागतो. अहवालात रकाने आहेत. किती प्रकरणं आली, किती निकाली, किती प्रलंबित. कोर्टात गेलेलं प्रकरण कोर्टाचा निकाल लागेपर्यंत प्रलंबितच. मनातून कितीही वाटलं की बाईनं कोर्टात जावं, तरी रकान्यात ते आमचं अपयश दिसतं. समझोता झाला की मात्र निकाली. त्यातही एक मेख आहे. समझोत्यात अट घातली, की नवरा अमुक करील तमुक देईल, तर तो सशर्त होतो. सशर्त समझोता तीन महिने प्रलंबित राहतो. तीन महिन्यांनी बाईच्या घरी जाऊन अट पाळली का ते बघायचं आणि मगच निकाली म्हणायचं. बिनशर्त समझोता सहीच्या दिवशीच निकाली, त्याचा पाठपुरावा नाही. आढावा घेणारे साहेब बैठकीत म्हणाले होते, "प्रलंबित फार दिसतात. अनुदान मागायचं तर काम दिसलं पाहिजे." सगळ्या कक्षांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

त्या वर्षी हिवाळ्यात एक नवी बाई आली. बाजाराचा दिवस होता. मासळी विकून, रिकामी टोपली दाराबाहेर ठेवून ती उंबऱ्याशी उभी राहिली. मी म्हटलं, टोपली आत घे, कुत्रं नेईल. ती म्हणाली, "वास येते जी." मग आत आली आणि सरळ जमिनीवर बसली. मी खुर्ची पुढे केली. "खुर्चीवर बसलं तं मले बोलता येत नाही," ती म्हणाली. मग मीही खाली बसले. तिचं गाव सिहोऱ्याच्या बाजूला, तलावावर जगणाऱ्या ढिवरांचं. नवरा मारत होता. ते सांगताना ती रडली नाही. रडली ती वेगळ्याच गोष्टीसाठी.

"मार तं मारच आहे," ती म्हणाली. "पन माहा हिस्सा खाऊन राहिला तो. जाळं मी ओढतो, पान्यात मी उतरतो, आन ढिगावर खूण त्याची."

खूण म्हणजे काय ते मला कळलं नाही. दिघोरीत आमचं सगळं धानाचं, तलावाचं आम्हाला काय ठाऊक. मग मी तिच्या गावी गृहभेटीला गेले तेव्हा बघितलं. सकाळी तलावात जाळं ओढून झालं की मासे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आणतात आणि जितके हिस्सेदार तितके ढीग लावतात. एका ढिगात रोहू मोठा तर दुसऱ्यात झिंगे जास्त, डोळ्यांनी बरोबर करतात, पण अगदी सारखे होत नाहीत. म्हणून प्रत्येक हिस्सेदारानं एक खूण द्यायची. कोणी चिंचोका देतो, कोणी जाळ्याचं शिसं, कोणी काडीचा तुकडा. सगळ्या खुणा बाहेरच्या माणसाच्या ओंजळीत टाकायच्या, त्यानं ढिगांकडे न बघता एकेक खूण एकेका ढिगावर टाकत जायची. जिथे ज्याची खूण पडली तो ढीग त्याचा, तक्रार नाही. टाकणारा मात्र असा हवा, की कोणती खूण कोणाची ते त्याला ठाऊक नसावं. त्या दिवशी मीच बाहेरची होते. गावच्या मच्छीमार संस्थेच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी माझ्या ओंजळीत आठ खुणा दिल्या, "टाका मॅडम." मी टाकल्या, आणि लहान पोरीसारखी खूश झाले. परत येताना एसटीत आठवलं, त्या आठांत तिची एकही नव्हती. ती मागे उभी राहून टोपली धुवत होती.

तिला काय हवं होतं ते असं साधं होतं. काडीमोड नको होती, पोटगी नको होती. माहेरी जायचं तर गेली असती, पण माहेरच्या तलावात तिचा हक्क नाही. तिला याच पाळीवर, स्वतःच्या नावाची एक खूण हवी होती. मग नवऱ्याबरोबर राहायचं की नाही ते ती बघून घेणार होती.

फेब्रुवारीत मी तिघांना बोलावलं. तिला, नवऱ्याला आणि संस्थेच्या अध्यक्षांना. नवरा खाली मान घालून बसला, बाहेर वाघ आणि ठाण्यात शेळी, तसले पुष्कळ बघितले आहेत. दोन तास मी बोलले. शेवटी म्हातारा म्हणाला, "बाई पान्यात उतरते हे खरं आहे. देऊ तिले खूण. तुमी म्हनता तं देऊ." नवऱ्यानंही हो म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना चहा सांगितला.

मग कागद काढला. समझोत्याचा नमुना छापील असतो. त्यात लिहिलेलं असतं की मारहाणीबाबत माझी आता काहीही तक्रार नाही, मी स्वखुशीने नांदायला जात आहे. खाली चार ओळी रिकाम्या असतात, अटींसाठी. माझा पेन त्या ओळींवर आला आणि थांबला. त्या महिन्यात आमची सात प्रकरणं प्रलंबित होती. अहवाल पाठवायला चार दिवस उरले होते. खिडकीतून लिंबाचं झाड दिसत होतं.

"हिश्श्याचं लिवलं का जी?" तिनं विचारलं. तिला वाचता येत होतं, पण हळूहळू, एकेक अक्षर जोडून.

"सगळ्यांसमोर ठरलं ना," मी म्हटलं. "अध्यक्ष साक्षीला आहेत. कर सही."

तिनं माझ्याकडे बघितलं, आणि सही केली. रिकाम्या ओळींवर मी तिरपी रेघ मारली, कोणी मागाहून काही घुसडू नये म्हणून. नियमानं मारायचीच असते. ताई टेबलापलीकडे बसली होती. सगळे गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "अट लिहायला पाहिजे होती." मी तिच्या अंगावर खेकसले, की तुझं काय जातं, तुझ्या घरी पगार येतो. ती त्या दिवशी भाजी न वाढता जेवली.

एप्रिलमध्ये पत्र आलं. मुदतवाढ मिळाली. मी पेढे आणले, हवालदारभाऊंनाही दिले. तेव्हा मला लाज वाटली नाही, हे सांगायला आज जड जातं. फक्त बाजाराच्या दिवशी डोळे दाराकडे जात. टोपली दिसत नसे. बरं चाललं असेल, मी म्हणत असे, आणि उठून उगाच कपाट आवरत असे. तिच्या गावाची एसटी ठाण्यासमोरूनच जाते. एकदाही चढले नाही. बिनशर्त समझोत्याला पाठपुरावा नसतो.

पुढच्या हिवाळ्यात माझ्या नावानं समन्स आलं. तिनं घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली कोर्टात अर्ज केला होता, आणि नवऱ्याच्या वकिलानं मला साक्षीला बोलावलं होतं. नवऱ्याच्या बाजूनं! मी समन्स तीनदा वाचलं. मग त्यासोबतचा तिचा अर्ज वाचला.

समझोत्यानंतरच्या पहिल्याच वाटणीला तिनं आपली खूण पुढे केली होती, हिरव्या बांगडीचा तुकडा. नवरा म्हणाला, कसली खूण. अध्यक्षांनी नवऱ्याचा रागरंग बघितला आणि म्हणाले, कागदावर लिहिलं असेल तर दाखव. तिनं कागद दाखवला. त्यात रेघ होती. ती तरी हटेना, ढिगाशी बसून राहिली. तेव्हा नवऱ्यानं वल्ह्यानं मारलं, आणि तिनं मध्ये घातलेल्या उजव्या हाताचं मनगट मोडलं. आईकडे गेली. गावच्या हाड बसवणाऱ्यानं बांधलं, ते वाकडं जुळलं. आमच्या कक्षात ती आली नाही. कशाला येईल?

आता वकिलाचं म्हणणं असं होतं, की बाईनं स्वतः लिहून दिलं आहे, मारहाणीची तक्रार नाही, हिश्श्याचा शब्दही नाही. हे सगळं नंतर रचलेलं. आणि पुरावा म्हणून माझाच कागद, माझ्याच सहीचा.

साहेबांचा फोन आला. रागावले नाहीत, उलट गोड बोलले. "कागद आपला आहे म्हणायचं, सही आपली आहे म्हणायचं आणि उतरायचं. जास्त खोलात गेलात तर सगळ्याच कक्षांचे समझोते काढून बघतील. मग अनुदानाचं काय होईल ते तुम्हीच बघा." मी हो सर म्हटलं. हो सर म्हणायला माझी जीभ कधीच अडखळत नाही.

साक्षीच्या आधीचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. पोळी करपायची, चालत निघाले की भलत्याच गल्लीत जायची. खरं बोलले तर खोलीला कुलूप लागेल, झाडाखाली पुन्हा कोणी बसेल. खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसतं गप्प राहिलं की तिचा अर्ज संपला. एकीकडे आड, दुसरीकडे विहीर. ताईला म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, "मी काय सांगू? त्या दिवशी सांगितलं होतं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "कोर्टात मी सोबत येईन."

कोर्टात, जिचा अर्ज होता ती मागच्या बाकावर बसली होती. बसली होती म्हणजे बाकावर, जमिनीवर नाही. वकिलानं विचारलं, समझोता तुमच्या कक्षात झाला? हो. सही तुमची? हो. बाईंनी लिहून दिलं की मारहाणीबाबत तक्रार नाही, बरोबर?

"ते छापलेलं असतं," मी म्हटलं. "तिनं लिहिलं नाही."

"हो की नाही, तेवढंच सांगा."

न्यायाधीश म्हणाले, "सांगू द्या त्यांना."

मग मी सांगितलं. हिस्सा सगळ्यांसमोर ठरला होता. तिनं विचारलं होतं, लिहिलं का. मी लिहिलं नाही. टाइप करणाऱ्या बाईंचे हात मागे पडले. त्या म्हणाल्या, मॅडम, शेवटचं पुन्हा सांगा, हळू. तेव्हा मला तेच वाक्य एकेक शब्द सुटा करून पुन्हा म्हणावं लागलं. अट, लिहिली असती, तर प्रकरण, निकाली, दिसलं नसतं, म्हणून, मी, अट, लिहिली नाही. पहिल्यांदा म्हणताना ते तोंडून निसटलं होतं. दुसऱ्यांदा म्हणताना माझं मलाच ऐकू आलं.

बाहेर व्हरांड्यात ती भेटली. खोटं कशाला बोलू, मला वाटलं होतं ती माझा हात धरेल. ती समोर उभी राहिली. वाकड्या मनगटावर पदर ओढलेला होता.

"हे तवाच लिवलं असतं, तं माहा हात साबूत रायला असता जी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. मासळीचा भाव सांगावा तसं सांगितलं, आणि एसटी चुकेल म्हणून गेली.

माझ्याकडून खुलासा मागवला गेला. जुने समझोते तपासायला एक पथक येऊन गेलं, आणखी अकरा कागदांवर तिरप्या रेघा निघाल्या. त्या अकरा जणींकडे मी आता एकेक करून जाऊन राहिले, सुट्टीच्या दिवशी, स्वतःच्या पायांनी. दोघींनी दार उघडलं नाही. वडिलांनाही सांगून टाकलं, की नोकरी सरकारी नव्हती कधी. ते म्हणाले, "मले माहीत होतं." मग म्हशीला पाणी पाजायला उठले.

या महिन्याच्या सुरुवातीला तिचा फोन आला. कोर्टानं तिला नवऱ्याच्याच घरात राहण्याचा आणि नवऱ्यानं तिला हात न लावण्याचा हुकूम दिला होता. हिश्श्याचं कोर्टानं काही म्हटलं नव्हतं. पण माझ्या साक्षीची नक्कल घेऊन ती स्वतः संस्थेच्या सभेत गेली, आणि एकेक अक्षर जोडत सगळ्यांसमोर ती वाचली. अध्यक्षांना नाही म्हणता आलं नाही. "वाटनी आहे," ती फोनवर म्हणाली. "खुना टाकाले बाहेरचं मानूस पायजे. तुमी या."

वाटणीच्या दिवशी सकाळीच गेले. पाळीवर नऊ ढीग होते. मी मोजले, पुन्हा मोजले. नवरा लांब उभा राहून जाळं झटकत होता, वर बघत नव्हता. अध्यक्षांनी माझ्या ओंजळीत खुणा ओतल्या आणि मी त्यांत हिरवी बांगडी शोधू लागले. चिंचोका, शिसं, काडी, खडा, कवडी. बांगडी नव्हती. पुन्हा चाळलं. नव्हती. मी मान वर केली, ती बायकांत उभी होती. "टाका मॅडम, मासे वाळून राहिले," कोणीतरी म्हणालं. मी डोळे मिटून एकेक खूण टाकत गेले.

सगळे आपापल्या ढिगाकडे धावले. ती सावकाश आली आणि सगळ्यात लहान ढिगापाशी बसली. त्यावर एक काळा खडा पडला होता, पाळीवर हजार पडलेले असतात तसा.

"बांगडी कुठं गेली?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"बांगडी तुमी वळखली असती," ती म्हणाली. "मंग तुमच्या हातून मोठ्या ढिगावर पडली असती. एकडाव माह्या कागदात खोटं झालं जी. आता वाटनीत नको."

ढीग खरंच लहान होता, झिंगेच जास्त. मी भरू लागायला वाकले, तर तिनं टोपली आपल्याकडे ओढून घेतली. उजव्या हाताला जोर लागत नव्हता, म्हणून ती डाव्या हातानं एकेक मासा उचलून टोपलीत टाकत राहिली. वेळ लागत होता. बाकीच्या टोपल्या बाजाराला निघून गेल्या, तरी मी तिथेच उभी होते.